आजोबांची गोळी नातवाला चालेल का?

विज्ञानदिनाच्या निमित्ताने मला सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळांतून व्याख्यानाला बोलावणे येते. व्याख्यान संपले की मी एक रिकामा डबा फिरवतो. ज्याला उभे राहून विचारायचा संकोच वाटतो त्याने आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावा. नाव घालायचे नाही. बहुतेक चिठ्ठ्यांत कृष्णविवर आणि उडत्या तबकड्या असतात. पण सांगलीकडच्या एका शाळेत मला एक वेगळीच चिठ्ठी मिळाली. ती अशी होती :

"मला आणि माझ्या आजोबांना एकच आजार आहे, डायबेटिस टाइप टू. मला डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिली आहे. आजोबांच्या डब्यात मेटफॉर्मिनशिवाय आणखी दोन गोळ्या आहेत. एकीचे नाव ग्लिमेपिराइड आहे, दुसरीच्या नावाचा शेवट ग्लिप्टिन असा आहे. आजोबांची शुगर त्याने कमी झाली. मी त्या अर्ध्या अर्ध्या घेतल्या तर चालतील का?"

मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. औषधांतले मला काय कळणार? तरीही एवढे मी तिथेच सांगितले की डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्याची गोळी, अर्धीसुद्धा, कोणीही घेऊ नये. मिरजेला माझे एक डॉक्टर स्नेही आहेत. त्यांनीही हेच सांगितले. पण नुसते 'नको' म्हणजे उत्तर नव्हे. चिठ्ठी लिहिणाऱ्याने तर्क केला होता : आजार एक, म्हणून औषध एक, शरीर लहान, म्हणून गोळी अर्धी. हा तर्क चुकतो कुठे, हे दाखवायला हवे. मी शोधू लागलो तेव्हा दिसले की ही गोष्ट औषधाइतकीच मोजमापाचीही आहे, आणि मोजमाप हा तर आमचाच विषय.

एका नावाचे दोन आजार

आपण खाल्लेल्या भाकरीची, भाताची शेवटी साखर होते, म्हणजे ग्लुकोज. ते रक्तातून सर्वत्र पोहोचते. पण स्नायूंच्या पेशींत शिरायला त्याला इन्सुलिन नावाच्या संप्रेरकाची मदत लागते. इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होते. मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. अशा मुलांना इन्सुलिनची इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात. ती कोणाच्याही सांगण्यावरून थांबवायची नसतात. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतत राहते आणि कालांतराने थकते.

पहिल्या प्रकारावरचे औषध आधी एका मुलावरच वापरले गेले, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले. ते पुरेसे शुद्ध नव्हते. २३ जानेवारीपासून अधिक शुद्ध इन्सुलिन दिले आणि मरणाच्या दारातला मुलगा सावरला. तिथे तुलनेसाठी दुसरा गट लागला नाही, कारण औषधाशिवाय काय होणार हे सर्वांना माहीतच होते.

दुसऱ्या प्रकाराची कथा उलट आहे. हा मोठ्यांचा आजार समजला जाई. त्यामुळे त्यावरची औषधे तपासली गेली ती मोठ्यांवर. विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच आजार दहा-बारा वर्षांच्या मुलांत दिसू लागला आणि डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहिला. औषधे आहेत, पण ती मुलांना चालतात याला पुरावा कुठे आहे? आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. २०१६ ते २०१८ या काळात भारतभर मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी झाली. तीत किशोरवयीन मुलांपैकी सुमारे दहा टक्के मुलांची रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. प्रत्यक्ष मधुमेह असलेली मुले पुष्कळच कमी होती; पण उंबरठ्यावर गर्दी मोठी आहे.

अर्धी गोळी म्हणजे नक्की किती?

आता चिठ्ठीतला 'अर्धी' हा शब्द घेऊ. समजा, एका माणसाची उंची १७५ सेंटिमीटर आहे आणि एका मुलाची १४०. दोघांची ठेवण सारखीच आहे असे धरू. उंचीचे गुणोत्तर ०.८. मग गोळीही ०.८ पट घ्यायची का? पण त्वचेचे क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ०.६४ पट. आणि आकारमान, पर्यायाने वजन, घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे जवळजवळ ०.५१ पट. एकाच मुलासाठी तीन उत्तरे! यांतले बरोबर कोणते?

ते औषधावर अवलंबून आहे. पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. गोळी घेणे म्हणजे टाकीत पाणी ओतणे. यकृत आणि मूत्रपिंड या टाकीच्या तोट्या. पाणी किती वेळ टिकेल हे टाकीच्या आकारावर ठरते, तसेच तोटी किती मोठी आहे यावरही ठरते. मेटफॉर्मिन शरीरात न बदलता मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणजे तिची तोटी मूत्रपिंड. इतर अनेक औषधे यकृतात मोडली जातात. मुलाची टाकी लहान असते हे उघड आहे, पण तोटीही त्याच प्रमाणात लहान असेल असे नाही.

हे विसरल्यामुळे एकदा मोठा अनर्थ झाला. विषमज्वरावर क्लोरॅम्फेनिकॉल हे गुणकारी औषध होते. ते नवजात बालकांना वजनाच्या हिशेबाने दिले गेले. काही बालके राखाडी पडू लागली, आणि त्यांतली अनेक दगावली. १९५९ मध्ये त्याचे कारण उजेडात आले. नवजात बालकाचे यकृत हे औषध मोडण्याइतके तयारच झालेले नसते. टाकीचा हिशेब बरोबर होता. तोटी बंद होती.

किशोरवयात तर आणखी एक गोष्ट घडते. या वयात वाढीचे संप्रेरक जोरात असते आणि त्यामुळे शरीर इन्सुलिनला तात्पुरती कमी दाद देते. निरोगी मुलाचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेते. ज्याचे स्वादुपिंड आधीच दमलेले आहे, त्याच्यावर हा जास्तीचा बोजा पडतो. म्हणजे आजोबा आणि नातू यांच्या आजाराचे नाव एक असले, तरी आतली परिस्थिती एक नाही. मग करायचे काय? अंदाज सोडून प्रयोग करायचा.

उत्तम मोजपट्टी कोणती?

प्रयोगाला आधी उपकरण हवे. सकाळी उपाशीपोटी घेतलेले रक्त त्या सकाळची साखर दाखवते. आदल्या रात्री कंदी पेढे खाल्ले होते का, सर्दीताप होता का, यावरही तो आकडा हलतो. महाबळेश्वरच्या एका दिवसाच्या पावसावरून साऱ्या पावसाळ्याचा अंदाज करण्यासारखे हे आहे.

यावर निसर्गानेच एक सोय करून ठेवली आहे. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. रक्तात साखर असेल त्या मानाने ती हिमोग्लोबिनला चिकटते आणि चिकटली की सहसा सुटत नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. गुऱ्हाळात काम करणाऱ्याच्या सदऱ्यावरचे डाग पाहून तो किती दिवस काहिलीजवळ उभा होता हे सांगता येते ना, तसेच हे. साखर चिकटलेले हिमोग्लोबिन किती टक्के आहे हे मोजले की गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. या मोजणीला ए-वन-सी म्हणतात. निरोगी माणसात ती ५.७ टक्क्यांच्या खाली असते, ६.५ किंवा त्याहून अधिक आली, आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर मधुमेह समजतात.

प्रत्येक उपकरणाला त्याची त्रुटी असते, तशी यालाही आहे. रक्तात लोह कमी असेल तर ए-वन-सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. आपल्याकडे मुलामुलींत लोहाची कमतरता पुष्कळ आढळते. म्हणून आपल्या मुलांत हा आकडा वाचताना ही त्रुटी ध्यानात ठेवावी लागते.

प्रयोग कसा करतात?

मेटफॉर्मिनचेच उदाहरण घेऊ. माणसांमधील मधुमेहावरचा तिचा उपयोग पॅरिसचे डॉक्टर झाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांवरची काटेकोर चाचणी मात्र प्रसिद्ध झाली २००२ मध्ये. मध्ये पंचेचाळीस वर्षे गेली!

या चाचणीत १० ते १६ वर्षांची ८२ मुले होती. त्यांचे दोन गट केले. एका गटाला मेटफॉर्मिन दिली. दुसऱ्या गटाला दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी दिली. अशा गोळीला प्लॅसिबो म्हणतात. तुम्ही म्हणाल, ही फसवाफसवी कशासाठी? सर्वांना औषध देऊन साखर कमी होते का ते पाहावे!

असे करून चालत नाही. चाचणीत नाव घातले की मुले वेळेवर जेवू लागतात, आई गोड पदार्थ कमी करते, डॉक्टर वरचेवर तपासतात. साखर यानेही उतरते. औषधाचा गुण कोणता आणि या काळजीचा गुण कोणता, हे वेगळे करायचे तर बाकी सर्व सारखे असलेला दुसरा गट हवाच. लंबकाच्या प्रयोगात आपण लांबी बदलताना गोळा तोच ठेवतो ना? तेच तत्त्व.

कोणते मूल कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे केवळ योगायोगाने ठरवतात. डॉक्टरांवर सोडले तर ते नकळत जास्त आजारी मुलांना खरे औषध देतील आणि तुलना बिघडेल. गोळी कोणती आहे हे मुलाला सांगत नाहीत आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही सांगत नाहीत. खुणेचा तक्ता तिसऱ्याकडेच असतो. मोजणाऱ्याच्या मनातली आशा आकड्यात उतरू नये, म्हणून ही खबरदारी.

निकाल काय लागला? मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर दर १०० मिलिलिटर रक्तामागे सरासरी सुमारे ४३ मिलिग्रॅमने उतरली. प्लॅसिबो घेणाऱ्यांची २१ मिलिग्रॅमने चढली. ए-वन-सी एका गटात ७.५ आणि दुसऱ्यात ८.६ टक्के होती. चाचणी १६ आठवड्यांची योजलेली होती; पण ज्याची साखर ठरलेल्या मर्यादेबाहेर जाईल त्याला ताबडतोब दुसरे औषध द्यायचे, असा नियम आधीच घातलेला होता. या पुराव्यावर अमेरिकेत डिसेंबर २००० मध्ये दहा वर्षांवरील मुलांसाठी मेटफॉर्मिनला परवानगी मिळाली. मुलांसाठी दिवसाची कमाल मात्रा २००० मिलिग्रॅम ठरली. मोठ्यांसाठी ती २५५० मिलिग्रॅम आहे. पाहा, 'अर्धी' हे उत्तर इथे चुकलेच की!

आजोबांच्या डब्यातील दुसऱ्या दोन गोळ्या

आता चिठ्ठीतल्या पहिल्या गोळीकडे, ग्लिमेपिराइडकडे वळू. ही गोळी स्वादुपिंडाला चाबूक मारून जास्त इन्सुलिन सोडायला लावते. मेटफॉर्मिनशी तिची तुलना करणारी, २८५ मुलांवरची चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही औषधांनी ए-वन-सी जवळपास सारखीच उतरली. पण २४ आठवड्यांत ग्लिमेपिराइडवाल्या मुलांचे वजन सरासरी सुमारे दोन किलोने वाढले, मेटफॉर्मिनवाल्यांचे अर्ध्या किलोने. ज्या आजारात वजन वाढणे हेच बहुधा दुखण्याचे मूळ, त्यात हा सौदा महागाचा. शिवाय अशा गोळीने साखर गरजेपेक्षा खाली घसरू शकते. न जेवता गोळी घेऊन कबड्डी खेळायला गेलेल्या मुलाला घाम फुटून चक्कर येणे, शुद्ध हरपणे, असे प्रसंग ओढवू शकतात.

दुसरी गोळी ग्लिप्टिन कुळातील. या कुळातल्या लिनाग्लिप्टिनची आणि एम्पाग्लिफ्लोझिन या वेगळ्या औषधाची मिळून एक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे नाव डायनॅमो. १० ते १७ वर्षांच्या सुमारे १५० मुलांचे तीन गट केले, प्रत्येकी सुमारे ५२ मुलांचे. एका गटाला लिनाग्लिप्टिन, दुसऱ्याला एम्पाग्लिफ्लोझिन, तिसऱ्याला प्लॅसिबो. आधीचे मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सर्वांनी चालूच ठेवले. २६ आठवड्यांनी पाहिले तर प्लॅसिबोपेक्षा एम्पाग्लिफ्लोझिनने ए-वन-सी ०.८४ ने अधिक उतरली, लिनाग्लिप्टिनने ०.३४ ने.

तुम्ही म्हणाल, लिनाग्लिप्टिननेही थोडी उतरली की! थांबा. इथे आमच्या प्रयोगशाळेतला त्रुटीचा हिशेब लावू. एकाच गटातली सगळी मुले सारखी बदलत नाहीत. समजा, त्यांच्या बदलांचा विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलन, १.७ आहे. ५२ मुलांच्या सरासरीतील त्रुटी काढायला १.७ ला ५२ च्या वर्गमुळाने भागायचे. ५२ चे वर्गमूळ सुमारे ७.२. उत्तर आले ०.२४. दोन सरासऱ्यांच्या फरकाची त्रुटी याच्या २ च्या वर्गमुळाइतकी पट, म्हणजे सुमारे ०.३३. प्रत्यक्ष चाचणीतील त्रुटीही जवळपास इतकीच होती.

आता तराजूचा काटा ०.३३ ने असाच हलत असेल, तर ०.३४ चे वजन खरे की भास, हे कसे सांगणार? पण ०.८४ हे त्रुटीच्या अडीच पट आहे. निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात एक-दीडच. म्हणून एम्पाग्लिफ्लोझिन मुलांत गुण देते असे मानले गेले आणि २०२३ मध्ये अमेरिकेत दहा वर्षांवरील मुलांसाठी तिला परवानगी मिळाली. लिनाग्लिप्टिनचा गुण सिद्ध झाला नाही. 'सिद्ध झाला नाही' म्हणजे 'गुण शून्य आहे' असे नव्हे, हेही लक्षात ठेवा. त्याचा अर्थ एवढाच की मोठ्यांत वर्षानुवर्षे वापरात असलेल्या गोळीला मुलांत आपला दावा शाबीत करता आला नाही.

मग ५२ ऐवजी ५२०० मुले का घेतली नाहीत? त्रुटी दहाव्या हिश्शावर आली असती! कारण असे की हा आजार मुलांत मोठ्यांच्या मानाने विरळ आहे. चाचणीत बसणारी आणि राजी असलेली मुले अनेक देशांतून, काही वर्षे खपून गोळा करावी लागतात. म्हणूनच असे प्रत्येक मूल मोलाचे असते.

सर्वांना चकित करणारा निकाल

मेटफॉर्मिन मुलांना चालते हे ठरले. पण किती काळ? अमेरिकेत 'टुडे' या नावाची चाचणी झाली. १० ते १७ वर्षांच्या ६९९ मुलांना सरासरी पावणेचार वर्षांहून अधिक काळ पाहिले. निकाल २०१२ मध्ये आला. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी ५१.७ टक्के मुलांत साखर आटोक्यात राहिली नाही. आहार-व्यायामाच्या कडक शिस्तीची जोड दिलेल्या गटात ४६.६ टक्के मुलांत हेच घडले. रोसिग्लिटाझोन हे दुसरे औषध जोडलेल्या गटात प्रमाण ३८.६ टक्के होते. हे दुसरे औषध हृदयाला अपाय करते अशा शंकेने भारतात २०१० मध्येच बंद झाले होते.

म्हणजे निम्म्या मुलांना एकटी मेटफॉर्मिन पुरली नाही. मुलांत स्वादुपिंड मोठ्यांपेक्षा लवकर दमते, हे पुढील अभ्यासांतूनही दिसले. त्याच मुलांचा पाठपुरावा पुढे चालू ठेवला. २०२१ मध्ये त्याचा वृत्तान्त आला तेव्हा ती सरासरी २६ वर्षांची झाली होती. तोवर त्यांच्यापैकी ६० टक्के जणांच्या डोळ्यांत, मूत्रपिंडांत किंवा मज्जातंतूंत निदान एक तरी बिघाड सुरू झाला होता. आजोबांना जे सत्तरीत भोगावे लागते, ते नातवाला पंचविशीत! मुलांसाठी वेगळी औषधे तपासण्याची घाई का, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

पुण्याची बाळे काय सांगतात?

आता एक शंका तुमच्या मनात यायला हवी. 'टुडे' चाचणीतली सगळी मुले वजनाने जास्त होती. तशी अटच होती. आपल्याकडची मुले तशी असतात का? याचे उत्तर साताऱ्याच्या शेजारी, पुणे जिल्ह्यात शोधले गेले आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधील साऊथॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान तर होतीच, पण सगळ्याच बाबतींत सारखी लहान नव्हती. त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव कमी भरलेले होते. त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच होती. वरून कृश, आतून चरबीदार! मोठेपणीही असेच दिसते. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच आकडे 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखेच म्हणतो!

म्हणून आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या मुलालाही दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होऊ शकतो. आणि जाड मुलांवर केलेल्या चाचणीचा निकाल त्याला जसाच्या तसा लागू होईल असे गृहीत धरता येत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास जीवनसत्त्व ब-१२ शरीरात कमी शोषले जाते. हे जीवनसत्त्व मांस, अंडी, दूध यांतून मिळते. याज्ञिक यांच्याच गटाने पुण्यातील ४४१ पुरुष तपासले, तेव्हा त्यांपैकी दोन तृतीयांश पुरुषांत ते आधीच कमी होते. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे रोजच्या ताटात मांस असते तिथे औषधाचा हा दोष किरकोळ ठरेल. शाकाहारी घरात तो किरकोळ राहणार नाही. म्हणून चाचण्यांत आपलीही मुले हवीत.

प्रयोगातल्या मुलाचा हक्क

'आपलीही मुले हवीत' हे लिहिणे सोपे आहे. आपलेच मूल असेल तर? धातूची पट्टी तापवताना आपण तिला विचारत नाही. मुलाला विचारावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आईवडिलांची लेखी संमती तर लागतेच. शिवाय ७ ते ११ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार घ्यावा लागतो. मूल केव्हाही 'मला आता नको' म्हणू शकते, आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीला आधी नीतिसमितीची परवानगी लागते. १५ जून २००९ पासून प्रत्येक औषधचाचणी सुरू होण्यापूर्वी सरकारी नोंदवहीत नोंदवणे सक्तीचे आहे, म्हणजे नको असलेला निकाल गुपचूप दडपता येऊ नये. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते.

आणि एक पाहा. चाचणी करायची नाही असे ठरवले, तर प्रयोग टळत नाही. आजोबांच्या डब्यातली अर्धी गोळी गुपचूप घेणे हाही प्रयोगच. फक्त त्यात तुलनेला गट नाही, कोणी मोजत नाही, बिघडले तर कोणी सावरत नाही, आणि त्यातून कोणी काही शिकतही नाही.

करून पाहा

वर्गातील प्रत्येकाची उंची एकेका चिठ्ठीवर लिहा. डब्यात घालून हलवा. न पाहता पाच-पाच चिठ्ठ्यांचे दोन गट काढा आणि सरासरी उंचीतला फरक काढा. असे दहा वेळा करा. मग वीस-वीसच्या गटांनी तेच करा. कोणालाही कसलेच औषध दिलेले नाही, तरी लहान गटांत मोठे फरक दिसतील. गट चौपट केले की फरक साधारण निम्मे होतील. वर्गमुळाचा नियम तुमच्याच वर्गात पडताळता येईल. यापुढे 'आमच्या ओळखीच्या चौघांना गुण आला' असे कोणी म्हणाले, तर हा डबा आठवा.

शेवटी, ज्याने किंवा जिने ती चिठ्ठी लिहिली, त्या माझ्या न पाहिलेल्या मित्रासाठी. तुझ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आहे; पण आता ते का, हे तुला सांगता येईल. तुझ्यासारख्याच शेकडो मुलांनी आपले रक्त आणि आपला वेळ देऊन हे उत्तर मिळवून दिले आहे. तुझी गोळी तुझ्या वेळेला घे, मैदानावर जा, तपासणी चुकवू नकोस. आजोबांच्या डब्याबद्दल जे मला विचारलेस, ते तुझ्या डॉक्टरांनाही विचार. आणि त्या चिठ्ठीवर नाव लिही. लाजण्यासारखे त्यात काहीच नाही.